पाणंदीचं कुंपण काढताना गुंजेची वेल तेवढी ठेवा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातला, धंद्यानं सोनार, आजोबांपासनं तेच चालत आलंय आणि जोडीला थोडी भाताची शेती. तुमचा पेपर दुकानात रोज येतो, रोज वाचतो, पण पत्र आजवर कधी लिहिलं नव्हतं. आज लिहितोय ते गुंजेच्या वेलीसाठी.

झालं असं की यंदा शिमग्याच्या आधी आमच्या गावची पाणंद, म्हणजे शेताकडं जायची वाट, रुंद करायला जेसीबी आला. रस्ता पाहिजेच होता, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पावसाळ्यात त्या पाणंदीत गुडघाभर चिखल व्हायचा आणि भात काढून आणताना ट्रॅक्टर रुतायचा, तीन वर्षं आम्हीच अर्ज देत होतो. पण रस्ता करताना दोन्ही बाजूचं कुंपण मुळासकट काढलं. दोन दिवसात सगळं साफ. मी दुपारी जेवायला घरी चाललो होतो तेव्हा बघितलं, बांधाची लाल माती उकरून एका बाजूला ढीग लावलेला, त्यात निरगुडी, करवंदीच्या जाळ्या, शिकेकाई, बोर, सगळं एकात एक गुंतलेलं, आणि त्या ढिगावर वरनं खालपर्यंत लाल लाल ठिपके. गुंजा. शेंगा वाळून तडकलेल्या होत्या आणि बिया अजून शेंगेला चिकटूनच होत्या. ट्रॅक्टरवाल्यानं सगळं भरून तळ्याकडच्या खड्ड्यात नेऊन टाकलं आणि वरनं माती ओढली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी जरा सविस्तर सांगतो, कारण आजकालच्या पोरांना गुंज म्हटलं की फक्त मोबाईलवरचा फोटो आठवतो. गुंज ही वेल आहे, आणि आपल्या तुरी, मसूर, पावट्याच्याच शेंगावर्गातली. फरक एवढाच की मसूर आपण भात निघालं की पेरतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर काढून मोकळे होतो, गुंज मात्र एकदा लागली की वर्षानुवर्षं त्याच जागेला राहते. कडक उन्हाळ्यात वरनं वाळल्यासारखी दिसते, पण खाली मूळ चिवट आणि खोल, त्यामुळं मिरगाचा पाऊस पडला की परत कोवळी पालवी. पानं चिंचेच्या पाल्यासारखी, बारीक बारीक दलं समोरासमोर ओळीत लागलेली, संध्याकाळ झाली की मिटतात. पावसाळा सरता सरता फिकट गुलाबी-जांभळी फुलं गुच्छानं येतात, पावट्याच्या फुलासारखीच घडण पण लहान. मग दोन बोटं लांबीच्या शेंगा, एकेका शेंगेत चार-पाच दाणे, थंडीत शेंग वाळते, तडकते, तिची सालं मागं वळतात आणि लाल बी, डोक्यावर काळा टिळा, उघडं पडतं. बाकीच्या शेंगा तडकल्या की दाणे उडून जातात, ही मात्र दाणे धरून ठेवते, दोन-दोन तीन-तीन महिने. म्हणून तर लांबनं दिसते.

पक्षी त्यालाच फसतात. मी स्वतः कुंपणावर बुलबुल बघितलाय, लाल दिसलं म्हणून चोच मारली, चोचीत फिरवून बघितलं आणि टाकून दिलं. गर काहीच नसतो ना. पण एखादा गिळतोही, आणि ते बी इतकं टणक की पोटातनं जसंच्या तसं बाहेर पडतं आणि दुसऱ्या कुठल्यातरी बांधावर जाऊन पडतं. वेलीला स्वतःचं खोड उभं करायची ताकद नाही, तिला तणावे पण नाहीत, ती नुसती पिळा घालत दुसऱ्याच्या अंगानं वर जाते. म्हणजे तिला आधाराला झुडूप पाहिजे, पायाशी सावली पाहिजे आणि डोक्यावर ऊन पाहिजे. अशी जागा कुठं असते, तर रानाच्या कडेला नाहीतर कुंपणात. गर्द रानात आत गेलात तर ती फारशी दिसत नाही, मोकळ्या माळावर आधार नाही. आमच्याकडं लोंढा, जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला रान आहे म्हणून रानाच्या काठानं ती आहे, पण बेळगावच्या पूर्वेला, जिथं रान उरलंच नाही, तिथं बांधाचं कुंपण हेच तिचं रान. हे कुंपण गेलं की तिला दुसरी जागा नाही हो.

खानापूरहून लोंढ्याला रेल्वेनं जाताना मधे गुंजी स्टेशन लागतं. लहानपणी वडिलांबरोबर लोंढ्याला जायचो तेव्हा स्टेशनचा पिवळा बोर्ड आला की वडील म्हणायचे, बघ आपल्या वजनाचं गाव आलं. कन्नड बोलणारे आमचे गिऱ्हाईक गुंजेला गुलगंजी म्हणतात, कोकणी बोलणारे गुंजी, आणि दुकानात तिघंही एकाच बाकावर बसून तिच्यावरच सोनं मोजून घ्यायचे.

आता सोनाराला तिचं एवढं का, ते सांगतो. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा, म्हणजे ९६ गुंजांचा तोळा. हा जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, त्याला ९६ नं भागा, एक गुंज ०.१२ ग्रॅमच्या आसपास येते. १९५६ चा वजनमापाचा कायदा आला आणि किलो-ग्रॅम सुरू झालं, तरी आमच्या दुकानात मी कळता झालो तेव्हापर्यंत मोरणी, मणी असलं बारीक काम असलं की वडील गुंज लावून बघायचेच. जुन्या बायका म्हणायच्या, चार गुंजा कमी भरलं का हो? त्यांना ग्रॅम समजायचा नाही, गुंज समजायची.

वडिलांचा एक पितळी डबा होता, झाकणाला फिरकी असलेला. त्यात निवडलेल्या गुंजा. निवडायची पद्धत अशी की काट्याच्या एका पारड्यात एक गुंज, दुसऱ्यात दुसरी, आणि काटा मधे थांबला तरच दोन्ही डब्यात. नाही थांबला तर हलकी-जड बाजूला. सगळ्या गुंजा सारख्या वजनाच्या असतात असं लोक म्हणतात, ते खरं नाही, मी शेकडो तोललेत, लहान-मोठी निघतेच. पण निवडून घेतली की मग ती बदलत नाही, हे मात्र खरं, कारण वरचं कवच इतकं पक्कं असतं की पावसाळ्यातली दमट हवासुद्धा आत शिरत नाही. ज्वारीचा दाणा आषाढात घ्या आणि चैत्रात घ्या, फरक पडणार. गुंजेला पडत नाही. आजोबांनी निवडलेल्या गुंजा माझ्याकडं आहेत, इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून बघितल्या मी, अजून एकमेकींशी जुळतात. बागेसरी म्हणजे सोनाराची शेगडी गेली, फुंकणी गेली, आता गॅसचा टॉर्च आलाय, ऐरण तेवढी तीच आहे आणि हा डबा.

ह्या डब्यातल्या गुंजा कुठनं आल्या, तर त्याच पाणंदीतनं. आमची आजी माघात टोपली घेऊन जायची आणि कुंपणावरनं वेचून आणायची. म्हणून त्या ढिगाकडं बघताना मला काय वाटलं असेल ते तुम्ही समजून घ्या.

काही लोक म्हणतात, अहो ती विषारी आहे, गेली ते बरं झालं. ह्या बाबतीत मला स्पष्ट लिहायचंय, कारण अर्धवट माहितीनं दोन्हीकडनं नुकसान होतंय. गुंजेचं बी विषारी आहे, शंभर टक्के. त्यात अॅब्रिन नावाचं विष असतं, ते पेशींमधलं प्रथिनं तयार व्हायचं काम बंद पाडतं. अख्खं बी गिळलं तर कवचामुळं बऱ्याचदा तसंच बाहेर पडतं, पण चावलं गेलं, फुटलं, भोक पाडलेलं असलं तर विष बाहेर येतं, आणि लहान पोरानं एखादं जरी नीट चावलं तरी जिवावर बेतू शकतं. त्याच्यावर उतारा असं औषध नाही, डॉक्टर लक्षणं बघून उपचार करतात. आणि सगळ्यात फसवं म्हणजे त्रास लगेच सुरू होत नाही, काही तास जातात, कधी एक-दोन दिवस, मग उलट्या, रक्ताचे जुलाब. म्हणून पोरानं तोंडात घातलं असा नुसता संशय आला तरी पोर खेळतंय, हसतंय म्हणून घरी थांबू नका, सरळ दवाखाना गाठा आणि बी बरोबर न्या, डॉक्टरांना दाखवा. जत्रेत गुंजांच्या माळा, ब्रेसलेट विकायला येतात, त्या बियांना दोरा ओवायला भोक पाडलेलं असतं, म्हणजे कवच आधीच फुटलेलं. तसलं लहान मुलांच्या हातात घालू नका. मी माझ्या नातीच्या हातातलं काढून घेतलं, ती रडली, पण काढून घेतलं.

आयुर्वेदात गुंजेला उपविष म्हटलंय आणि शोधन, म्हणजे विष कमी करायची प्रक्रिया, केल्याशिवाय वापरत नाहीत, सरकारच्या औषधांच्या नियमांत विषारी द्रव्यांची जी यादी आहे त्यात पण गुंजेचं बी आहे. तेव्हा घरच्या घरी बी उगाळून लावणं, पोटात घेणं हे कुणी करू नये. व्हॉट्सअॅपवर काय काय फिरतं, पांढरी गुंज तिजोरीत ठेवा पैसा येतो, अमक्याला वश करते, आणि ऑनलाइन तिला भलते दर लावतात, त्यापायी लोक वेली उपटायला लागलेत. पांढरी गुंज ही वेगळ्या रंगाच्या बियांची गुंजच, बाकी काही नाही. आयुष्यभर सोनं तोललेला माणूस सांगतोय, त्या बीनं कुणाची तिजोरी भरत नाही.

पण पाल्याचं वेगळं आहे. गुंजेचा पाला गोड असतो, ज्येष्ठमधासारखी गोडी, पानपट्टीवाले विड्यात घालतात, घसा बसला की भजनी मंडळातली माणसं दोन पानं चघळतात. आमच्या गावच्या काकड आरतीला कार्तिकात पहाटे उठून म्हणणारे सगळे ह्याच कुंपणावरनं पाला खुडायचे. यंदा कार्तिकात कुठनं खुडणार?

विषारी म्हणून काढायचं ठरवलं तर मग कण्हेर काढा, धोतरा काढा, एरंड पण काढा. आमच्या पिढीला कुणी शाळेत शिकवलं नव्हतं, आजीनं एकदाच सांगितलं, बघायची, वेचायची, तोंडाला लावायची नाही, हात धुवायचे. बस. पन्नास वर्षं आमच्या गल्लीत कुणाला काही झालं नाही. शाळेच्या कंपाऊंडला, अंगणवाडीजवळ ही वेल असू नये हे मला पटतं, तिथली काढा, मीच येतो काढायला. पण शेताच्या पाणंदीतली काढायचं कारण नाही.

दुसरी गोष्ट मला एका गिऱ्हाईकाच्या मुलीनं सांगितली, ती धारवाडला शेतकी कॉलेजला शिकते. ती म्हणाली, काका, अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात गुंजेला उपद्रवी तण म्हणतात, ती तिथली नाही, माणसानं नेली शोभेला आणि तिथल्या रानात पसरली. मला आधी पटेना. मग विचार केला आणि लक्षात आलं, आमच्याकडं उलटं झालंय की. घाणेरी कुठली, अमेरिकेतली. रानमोडी कुठली, तिकडचीच. काँग्रेस गवत पण तिकडचंच. त्यांच्या वेली-झुडपांनी आमचं कुंपण खाल्लं आणि आमच्या वेलीनं त्यांचं रान. म्हणजे वेल वाईट नसते, जागा चुकते. गुंजेची जागा ही आहे, हा बांध, ही लाल माती, हा पाऊस, इथं ती निरगुडीवर चढते, करवंदीत घुसते पण कुणाला मारत नाही, इतक्या पिढ्या एकत्र नांदल्यात त्या. आणि आपण इथनंच तिला काढतोय.

आणि काढल्यावर तिथं काय आलं ते बघायला या कुणीतरी. मोकळ्या केलेल्या मातीवर पहिल्या पावसात काँग्रेस गवत उगवलं, आता श्रावणात छातीभर रानमोडी उभी आहे. जे लावायला कुणी खड्डा काढला नाही तेच सगळ्यात आधी आलं.

माझ्या शेताचं सांगतो, तीस गुंठे आहे पाणंदीला लागून. गेली कित्येक वर्षं तिथला बांध हलला नव्हता, कारण त्यात मुळांचं जाळं होतं. यंदा आषाढात तीन दिवस झड लागली आणि बांध तीन ठिकाणी ढासळला, तांबडी माती पाण्याबरोबर सगळी वाफ्यात, रोप लावून पंधरा दिवस झालेले, निम्मं रोप मातीखाली. मी आणि मुलगा दोघं चार दिवस घमेल्यानं माती काढत होतो. रस्त्याची नवी खडी पण शेजारच्याच्या वाफ्यात आली. ज्यांच्यासाठी रस्ता केला त्यांच्याच शेताचं नुकसान. आता सगळे म्हणतात काटेरी तार मारूया, सिमेंटचे खांब आणूया. तारेचा खर्च प्रत्येकानं आपला आपण करायचा. तारेनं माती अडते का हो? गुरं अडतील, माती नाही अडत.

शेंगावर्गातल्या वेलीचं अजून एक काम असतं जे आम्हा शेतकऱ्यांना मसुरामुळं माहीत आहे. मुळावर गाठी असतात, गाठीत जीवाणू असतात, ते हवेतला नायट्रोजन धरून जमिनीला देतात. म्हणून भातानंतर मसूर, वाटाणा पेरला की पुढच्या भाताला जमीन बरी लागते. गुंजेच्या मुळाला पण तशाच गाठी असतात. आणि ती एकटी नाही, आमच्या कुंपणातल्या बघायला गेलं तर निम्म्या वेली-झुडपं शेंगांचीच, शिकेकाई शेंगेची, खाजकुइली शेंगेची, सागरगोटा शेंगेचा. पोरी ज्या सागरगोट्यांनी श्रावणात खेळायच्या ते ह्याच कुंपणातले. म्हणजे बांधावर फुकटात उभं असलेलं खत म्हणा ना, पाला खाली पडतो, कुजतो, शेतात उतरतो. हे सगळं खणून फेकायचं आणि मग युरियाच्या पोत्यासाठी सोसायटीसमोर लाईन लावायची.

रस्ता पाहिजे, हे मी परत सांगतो, नाहीतर लोक म्हणतील म्हातारा रस्त्याला आडवा आला. माझं एवढंच म्हणणं की रुंदी वाढवायची ती एका बाजूनं वाढवा. दोन्ही बाजूनं दोन-दोन फूट खायच्या ऐवजी एका बाजूनं चार फूट घ्या, दुसऱ्या बाजूचं कुंपण जसं आहे तसं राहू दे. रस्ता तेवढाच होतो, डिझेल उलट कमी लागतं. हे मी जेसीबीच्या ड्रायव्हरला विचारून लिहितोय, तो म्हणाला, मला काय, सांगतील तसं करतो, एका बाजूनं सोपंच आहे. पण सांगायला कुणी नव्हतं. मेंबर म्हणाले प्लॅन वरनं आलाय, वरच्यांनी म्हटलं गावानं सांगायला पाहिजे होतं. नोटीस लागली होती म्हणे, ती कधी लागली ते आमच्या गल्लीत कुणी बघितलं नाही.

अजून एक. २००२ साली जैवविविधता कायदा झालाय, त्यात प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता समिती करायची असते आणि गावातली झाडं, वेली, पक्षी, जनावरं, त्यांचे उपयोग ह्यांची एक नोंदवही ठेवायची असते, लोकांना विचारून. ही नोंदवही पुष्कळ ठिकाणी एकदा लिहून कपाटात गेलीय. माझी सीमाभागातल्या सगळ्या गावांना विनंती, मराठी बोलत असा नाहीतर कन्नड, आपल्या पंचायतीत जा, ती वही बघायला मागा, त्यात गुंज आहे का बघा, नसली तर घालायला सांगा. नुसतं नाव नको, कुठल्या पाणंदीत, कुठल्या बांधावर आहे ते लिहायला लावा. म्हणजे उद्या जेसीबी येईल तेव्हा निदान दाखवायला कागद असेल. वही लिहायला म्हातारी माणसं लागतात, बी कधी वेचायची, पाला कशाला, हे त्यांनाच ठाऊक आहे, आणि ती माणसं पण आता थोडीच राहिलीत. आमच्या गावात गुंजेवर वजन करताना बघितलेली माणसं मी मोजली, माझ्यासकट सहा.

कुणाला वेल परत लावायची असेल तर अनुभव सांगतो. बी तसंच मातीत टाकलं तर वर्षभर तसंच राहतं, कवच पाणी आत घेत नाही. काही लोक कानशीनं घासतात, ते करू नका, त्याची पूड उडते आणि ती नाकातोंडात जाणं धोक्याचं. मी उकळतं पाणी ओतून रात्रभर ठेवलं, भांडं जुनं घेतलं जे परत स्वयंपाकाला लागणार नाही, पाणी लांब नेऊन खड्ड्यात ओतलं, हातात मोजे. सकाळी फुगलेल्या तेवढ्या बिया पिशवीत लावल्या. वीस टाकल्या होत्या, सात उगवल्या. उकिरड्याचं खत घालायला लागलं नाही, रोज पाणी घालायला लागलं नाही, फक्त टेकायला काठी पाहिजे. त्यातल्या चार निरगुडीच्या बुंध्याशी लावल्यात, माझ्या बांधावर जिथं ढासळलंय तिथं. रोपं कुणाला पाहिजे असली तर माझ्याकडं तीन आहेत, बिया मात्र मी देत नाही, घरात पोरं असतात, उगीच जोखीम नको.

पण लावलेली ती लावलेली, जुन्या मुळाची सर तिला यायला माझं आयुष्य पुरणार नाही. म्हणून शेवटी जे सांगायला पत्र लिहितोय ते सांगतो. पाणंदीच्या तोंडाला मोरी आहे, तिथनं गावाकडं येताना डाव्या हाताला तिसऱ्या आणि चौथ्या लाईटच्या खांबामधे जेसीबीची बकेट पोचली नाही कारण तिथं मोठा दगड होता. परवा नागपंचमीच्या दिवशी मी तिथं गेलो तर दगडाच्या फटीतनं तीन फुटवे आलेत, हिरवेगार, वीतभर, एकानं जवळच्या रानमोडीला पिळा पण घातलाय. ते जुनंच मूळ आहे, आजी जिथनं वेचायची तीच जागा. दिवाळीनंतर गटाराच्या कामाला परत मशीन येणार आहे असं ऐकलंय. गटार दगडाच्या रस्त्याकडच्या अंगानं घेतलं तर चार फूट जागा सुटते, मी टेप लावून मोजलंय, आणि पंचायतीला तसा अर्ज दोन्ही भाषांत लिहून दिलाय. पेपरात आलं तर तो अर्ज कुणीतरी वाचेल म्हणून हे तुम्हाला पाठवतोय.

कळावे,
आपला एक वाचक, सोनार
ता. खानापूर, जि. बेळगाव